नोंद नाही म्हणजे प्रयत्नच झाला नाही?

एखाद्या सर्व्हरवर कोणी पासवर्ड ओळखून आत शिरायचा प्रयत्न केला का, असा प्रश्न आला की अ‍ॅडमिन फसलेल्या लॉगइनची यादी दाखवणारी आज्ञा चालवतो. यादी रिकामी आली की उत्तर तयार असतं : नाही, असा काही प्रयत्न झालेला नाही. युनिक्स आणि त्याच्या घराण्यातल्या प्रणालींवर हे उत्तर चुकीचं असण्याची शक्यता बरीच मोठी आहे. रिकामी यादी दोन अगदी वेगळ्या परिस्थितींमध्ये हुबेहूब सारखी दिसते. पहिल्या परिस्थितीत खरोखरच कोणाचा पासवर्ड चुकलेला नसतो. दुसऱ्या परिस्थितीत हजारो वेळा चुकलेला असतो, पण नोंदच होत नसते. या दोहोंतली आपली परिस्थिती कोणती हे यादीकडे कितीही वेळ पाहिलं तरी कळत नाही. म्हणून फसलेल्या लॉगइनच्या नोंदीत बिघाड शोधायला बसलेल्या माणसाचं पहिलं काम सेटिंग बदलणं हे नाही. शांतता खरी आहे की नोंद बंद आहे, हे आधी ठरवायचं आणि त्यासाठी मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून त्याची नोंद उमटते का ते पाहायचं. ही साधी चाचणी का टाळता येत नाही आणि तिच्याविरुद्ध घेतले जाणारे आक्षेप का टिकत नाहीत, ते आता पाहू.

सुरुवात सोलॅरिसपासून करू, कारण तिथे ही गोष्ट मॅन्युअलमध्येच स्पष्ट लिहिलेली आहे. सन मायक्रोसिस्टिम्सची ही प्रणाली २०१० साली कंपनीसोबत ओरॅकलकडे गेली. त्याआधी आणि त्यानंतरही बँकांच्या आणि दूरसंचार कंपन्यांच्या मोठ्या सर्व्हरवर ती वर्षानुवर्षं चालली. तिच्यात फसलेल्या लॉगइनसाठी '/व्हार/एडीएम/लॉगिनलॉग' नावाची साध्या मजकुराची फाइल ठरलेली आहे. एका ओळीत एक प्रयत्न, त्यात लॉगइनचं नाव, टर्मिनल आणि वेळ, मध्ये अपूर्णविराम (:). रचना चांगलीच आहे. मात्र प्रणाली बसवली की ही फाइल आपोआप तयार होत नाही, आणि फाइल नसेल तर नोंद होत नाही. लॉगइन प्रोग्रॅम ती फाइल स्वतः तयार करत नाही, ती नसल्याची तक्रारही करत नाही. अ‍ॅडमिनने ती हाताने तयार करायची, मालकी रूटची आणि गट 'सिस' ठेवायचा, वाचण्या-लिहिण्याची परवानगी फक्त मालकाला द्यायची. मगच नोंद सुरू होते. फाटकावरच्या रखवालदाराला कोणी सांगून ठेवावं की टेबलावर वही असेल तर येणाऱ्याचं नाव लिही, नसेल तर काही बोलू नकोस, तसाच हा व्यवहार आहे. महिनाभराने येऊन 'वहीत कोणाचंच नाव नाही' म्हणण्याला मग काय अर्थ राहतो?

फाइल तयार केली तरी प्रश्न संपत नाही. सोलॅरिसचा लॉगइन प्रोग्रॅम एका बैठकीत पाच प्रयत्न करू देतो, आणि पाचही फसले तरच ते पाचही लॉगिनलॉगमध्ये लिहितो. चार वेळा चुकून कोणी उठून गेलं तर एकही ओळ उमटत नाही. बोटं अडखळलेल्या प्रामाणिक माणसाने नोंदवही भरू नये, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. टर्मिनलसमोर बसून एकाच खात्याचे पासवर्ड एकामागून एक ओळखणारा शत्रू डोळ्यांसमोर असेल तर तो पुरतोही. पण आज सर्रास दिसणारा हल्ला नेमका उलट्या पद्धतीचा असतो. एकच लोकप्रिय पासवर्ड घ्यायचा, तो शेकडो खात्यांवर एकेकदा वापरून पाहायचा आणि प्रत्येक खात्यापाशी मर्यादेच्या आतच थांबायचं. म्हणजे निरुपद्रवी माणसासाठी ठेवलेली सवलत हल्लेखोराला आयती मिळते. सोलॅरिसमध्ये यावर उपाय आहे. '/ईटीसी/डिफॉल्ट/लॉगिन' या फाइलीत किती चुकांनंतर सिसलॉगला, म्हणजे प्रणालीचे संदेश गोळा करणाऱ्या व्यवस्थेला, कळवायचं याचा आकडा असतो. तो शून्य केला की प्रत्येक चूक कळवली जाते. पण कळवलेली चूक कुठे उतरवायची हे '/ईटीसी/सिसलॉग.कॉन्फ'मध्ये वेगळं सांगावं लागतं, आणि ज्या फाइलीत उतरवायची तीही आधी तयार करून ठेवावी लागते. शिवाय सोलॅरिसच्याच मॅन्युअलचा इशारा आहे की लॉगिनलॉगची ही व्यवस्था टर्मिनलवरून आलेल्या प्रयत्नांपुरती आहे, डेस्कटॉपच्या चित्रमय पडद्यावर चुकलेला पासवर्ड तिच्यात येत नाही. एवढ्या अटी एकदम पूर्ण झाल्या आहेत असं नुसतं गृहीत धरणं धोक्याचं आहे.

हा एका जुन्या प्रणालीचा विक्षिप्तपणा आहे, असं वाटू शकेल. तसं नाही. एआयएक्समध्ये ही नोंद '/ईटीसी/सिक्युरिटी/फेल्डलॉगिन'मध्ये जाते, एचपी-यूएक्समध्ये मुळात '/व्हार/एडीएम/बीटीएमपी'मध्ये. लिनक्सने बीटीएमपी हेच नाव उचललं आणि जागा दिली '/व्हार/लॉग'मध्ये. ती वाचणारी आज्ञा म्हणजे लास्टबी. तिच्या मॅन्युअलमध्येही तेच सांगितलेलं आहे : फाइल असेल तरच प्रणाली तिच्यात लिहिते, आणि हवी असेल तर टच आज्ञेने ती तयार करता येते. आताच्या लिनक्समध्ये सेवा सांभाळणारी सिस्टिमडी यंत्र सुरू होताना बीटीएमपी तयार करून ठेवते, त्यामुळे ही अडचण पूर्वीइतकी भेटत नाही. पण डिस्क भरली म्हणून घाईघाईत लॉग फाइली पुसल्या गेल्या किंवा दुसरीकडून यंत्राची अपुरी प्रत आणून चालवली, की यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत ती गायब राहू शकते.

टच करून फाइल तयार करण्याचा हा सल्ला जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण दुरुस्तीच बिघाड कशी बनते ते त्यात दिसतं. बहुतेक यंत्रांवर रूटचा यूमास्क, म्हणजे नव्या फाइलीला कोणत्या परवानग्या द्यायच्या नाहीत हे ठरवणारा आकडा, ०२२ असतो. अशा वेळी टच आज्ञेने तयार झालेल्या फाइलीच्या परवानग्या ६४४ होतात : मालक लिहू शकतो, बाकी सगळे वाचू शकतात. आता ओपनएसएसएचचा सर्व्हर, म्हणजे एसएसएचडी, काय करतो पाहा. पासवर्ड चुकला की तो बीटीएमपी उघडतो आणि लिहिण्याआधी तिची मालकी आणि परवानग्या तपासतो. मालक रूट नसेल किंवा इतरांना कोणतीही परवानगी असेल, अगदी नुसती वाचण्याचीही, तर तो लिहायला नकार देतो आणि या फाइलीच्या परवानग्या प्रमाणाबाहेर आहेत असा संदेश सिसलॉगकडे पाठवतो. कन्सोलवरचा लॉगइन प्रोग्रॅम मात्र अशी तपासणी करत नाही, तो सरळ लिहितो. परिणाम असा की फाइल आहे, कन्सोलवरची चूक तिच्यात दिसते, लास्टबी चार ओळी दाखवतो, आणि 'नोंद सुरू झाली' म्हणून सगळे निश्चिंत होतात. ज्या दारातून बाहेरचं जग येतं त्या एसएसएचच्या दारातली एकही चूक मात्र तिच्यात नसते. दुरुस्ती एका ओळीची आहे : सीएचमॉड ६६०, मालक रूट, गट यूटीएमपी, किंवा त्याहून कडक, ६००. फाइल मुळातच नसेल तेव्हा एसएसएचडी काय करतो, हे तर याहून बोलकं आहे. तेव्हा तो जो संदेश काढतो तो डीबग पातळीचा असतो, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये ती पातळी बंद असते. परवानगी जास्त असेल तर तो तक्रार करतो, फाइलच नसेल तर मुकाट राहतो. जिथे ओरडायला हवं तिथेच शांतता असेल तर शांततेवरून निष्कर्ष काढता येत नाही.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. ही रचना करणारे लोक निष्काळजी नव्हते. नोंद ऐच्छिक ठेवण्यामागे त्यांची कारणं होती. पहिलं कारण गोपनीयतेचं. घाईत असलेला माणूस नावाच्या जागी पासवर्ड टाइप करतो, असं नाव अस्तित्वात नसतं म्हणून प्रयत्न फसतो, आणि फसलेल्या प्रयत्नाचं 'नाव' म्हणून त्याचा पासवर्ड जसाच्या तसा फाइलीत जाऊन बसतो. यशस्वी लॉगइनच्या नोंदीत त्याच टर्मिनलवरून लगेच झालेलं लॉगइन दिसलं की तो पासवर्ड कोणाचा हेही कळतं. दुसरं कारण जागेचं. आजच्या नेहमीच्या ६४ बिटी लिनक्सवर बीटीएमपीतली एक नोंद ३८४ बाइटची असते. दहा लाख फसलेल्या प्रयत्नांची फाइल सुमारे ३८४ मेगाबाइट होते. आज हा आकडा किरकोळ वाटतो. डिस्कच काही शे मेगाबाइटची असायची त्या काळात एवढी फाइल यंत्राला बंद पाडू शकली असती.

दोन्ही कारणं खरी आहेत, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष 'नोंद नको' असा होत नाही. पासवर्ड फाइलीत उतरण्याचा धोका आहे म्हणून तर परवानग्या कडक ठेवायच्या, आणि एसएसएचडीची ती तपासणी योग्यच ठरते. शॅडो या संचातल्या लॉगइन प्रोग्रॅमने तर आणखी शहाणा मधला मार्ग काढला : '/ईटीसी/लॉगिन.डेफ्स'मधल्या एका सेटिंगनुसार अनोळखी नाव आलं की त्याऐवजी 'अननोन' एवढाच शब्द नोंदवायचा. वेळ राहते, टर्मिनल राहतं, पासवर्ड उघडा पडत नाही. जागेचं म्हणाल तर जुन्या फाइली ठरावीक काळाने बाजूला काढणं हे युनिक्सला नवं नाही. आणि नोंदीची गरज तेव्हा कोणाला जाणवली नव्हती असंही नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८५ साली काढलेल्या आणि ऑरेंज बुक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानकात सी-२ या दर्जाची अटच होती की ओळख पटवण्याच्या यंत्रणेच्या वापराची नोंद करता यावी आणि विनंती कोणत्या टर्मिनलवरून आली तेही त्यात असावं. म्हणजे गरज मान्य होती, साधनं होती. फक्त मूळ सेटिंग गप्प राहण्याचं ठेवलं गेलं. माझ्या मते ही निवड चुकीची होती. ज्याला नोंद नको आहे त्याने ती बंद करावी, हा क्रम बरोबर. ज्याला हवी आहे त्याला ती बंद असल्याचं कळूही नये, हा क्रम उलटा आहे.

बीटीएमपी हा एक रस्ता झाला. दुसरा रस्ता सिसलॉगचा, आणि बिघाड शोधताना हे दोन रस्ते वेगळे आहेत हे लक्षात ठेवलं तर अर्धं काम होतं. एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपाल-प्रोग्रॅमसाठी १९८०च्या दशकात सिसलॉग लिहिला आणि पुढे सगळ्या युनिक्सने तो उचलला. यात लॉगइन प्रोग्रॅम स्वतः फाइलीला हात लावत नाही. तो संदेशावर दोन शिक्के मारतो, विभाग कोणता आणि गांभीर्य किती, आणि तो सिसलॉगच्या प्रोग्रॅमकडे सोपवतो. कोणता शिक्का कोणत्या फाइलीत, हे नियमांच्या फाइलीत लिहिलेलं असतं. इथे संदेश हरवण्याच्या जागा अनेक आहेत. जुन्या सिसलॉगमध्ये नियमाचे दोन भाग टॅबनेच वेगळे करावे लागतात. तिथे स्पेसबार वापरला की ओळ डोळ्यांना बरोबर दिसते आणि नियम मात्र चालत नाही. सोलॅरिसच्या मॅन्युअलमध्ये त्या जागी 'इथे टॅब दाबा' असं मुद्दाम छापलेलं आहे, त्याअर्थी कित्येकांची बोटं तिथे चुकली असणार. सोलॅरिसचा सिसलॉग नियमात सांगितलेली फाइल नसेल तर ती तयार करत नाही. नियम बदलून प्रोग्रॅमला ते पुन्हा वाचायला सांगितलं नाही तर जुनेच नियम चालू राहतात.

विभागाच्या शिक्क्यातली गफलत तर फारच सहज होते. ऑथ आणि ऑथप्रिव्ह असे दोन विभाग आहेत. दोन्ही ओळख पटवण्याशी संबंधित, पण दुसरा खासगी मजकुरासाठी. एसएसएचडी मुळात ऑथ वापरतो. रेड हॅटच्या लिनक्समध्ये ऑथप्रिव्हचे संदेश '/व्हार/लॉग/सिक्युअर'मध्ये जातात, म्हणून तिथल्या एसएसएचडीला ऑथप्रिव्ह वापरायला सांगितलेलं असतं. दुसऱ्या यंत्रावरची सेटिंगची फाइल आणून तिथे ठेवली, त्यात ती ओळ नसली, की चुकलेल्या पासवर्डचे संदेश सिक्युअरमध्ये न जाता 'मेसेजेस' या सर्वसाधारण फाइलीत जाऊन पडतात. नोंद झालेली असते, पण पाहणारा भलत्याच फाइलीत पाहत असतो.

आणि काही चुका एसएसएचडी मुळात सांगतच नाही. एका जोडणीत किती प्रयत्न चालतील याची मर्यादा त्याच्या सेटिंगमध्ये असते, मूळ आकडा सहा. मॅन्युअल म्हणतं की चुकांची संख्या या मर्यादेच्या निम्म्यावर गेली की पुढच्या चुका नोंदल्या जातात. पासवर्डच्या चुकांना ही सूट नाही, त्या प्रत्येक वेळी नोंदल्या जातात. पण पब्लिक की वापरून खऱ्या खात्यावर केलेले पहिले एक-दोन फसलेले प्रयत्न नेहमीच्या पातळीवर दिसत नाहीत. लॉगची पातळी 'व्हर्बोज' केली तरच दिसतात. यालाही कारण आहे. एकाच माणसाकडे तीन-चार किल्ल्या असतात, त्याचा प्रोग्रॅम त्या एकामागून एक लावून पाहतो, आणि पहिल्या दोन न लागणं हा हल्ला नसतो. पण ज्यांनी पासवर्ड पूर्ण बंद करून फक्त किल्ल्या ठेवल्या आहेत, त्यांनी 'आता फसलेल्या लॉगइनची काळजीच नको' असं म्हणण्याआधी हा नियम वाचावा. त्यांच्या यंत्रावर चोरलेली एखादी जुनी, यादीतून काढून टाकलेली किल्ली कोणी लावून पाहिली तर नेहमीच्या सेटिंगमध्ये ती चूक म्हणून नोंदलीच जाणार नाही.

आता चाचणीकडे येऊ. ती मुद्दाम आणि ठरवून करायची असते. सर्वांत आधी यंत्राचं घड्याळ पाहावं आणि वेळ लिहून ठेवावी. मग अस्तित्वात नसलेलं, सहज ओळखू येईल असं नाव घेऊन कन्सोलवरून एकदा, एसएसएचने एकदा, चित्रमय पडदा असेल तर तिथून एकदा चुकावं. नंतर खऱ्या पण चाचणीसाठीच ठेवलेल्या खात्यावर चुकीचा पासवर्ड टाकावा, कारण अनोळखी नाव आणि ओळखीचं नाव यांचे रस्ते आत वेगळे असू शकतात. काही चुकांनंतर खातं कुलूपबंद करणारी व्यवस्था लिनक्सवर असते. पूर्वी ती पॅम-टॅली मॉड्यूलची होती, आता पॅम-फेललॉकची आहे. म्हणून ही चाचणी कामाच्या खात्यावर करू नये. प्रत्येक दाराची चाचणी वेगळी करायची याचं कारण वर आलंच आहे : कन्सोलची नोंद होते म्हणून एसएसएचची होतेच असं नाही.

मग बीटीएमपी आणि सिसलॉगची फाइल दोन्हीकडे पाहायचं. बीटीएमपीत नोंद आहे आणि सिसलॉगमध्ये नाही, तर लॉगइन प्रोग्रॅम ठीक आहे, बिघाड सिसलॉगच्या रस्त्यावर आहे. लॉगर आज्ञेने ऑथप्रिव्हचा शिक्का मारलेला एक संदेश हाताने पाठवून तो कुठे उतरतो ते पाहिलं की रस्त्याचा उरलेला भागही तपासून होतो. सिसलॉगमध्ये आहे आणि बीटीएमपीत नाही, तर फाइलीचं असणं, मालकी आणि परवानग्या तपासायच्या, आणि एसईलिनक्स चालू असेल तर फाइलीवरचं त्याचं लेबलही, कारण हाताने दुसरीकडून आणलेल्या फाइलीला बरोबर लेबल नसतं. दोन्हीकडे नाही, तर संशय लॉगइन प्रोग्रॅमच्या पातळीवर किंवा पाच चुकांसारख्या मर्यादेवर. आणि लास्टबीवरच भरवसा नसेल तर बीटीएमपीचा आकार चाचणीच्या आधी आणि नंतर पाहावा. तो ३८४ बाइटने वाढला असेल तर एक नोंद पडली.

कोणी म्हणेल, ही सगळी जुन्या युनिक्सची दुखणी आहेत, आता सिस्टिमडीचं जर्नल आहे. जर्नलने बरंच सुधारलं हे खरं, पण मूळ सवय तिथेही आली. जर्नल कुठे साठवायचं याच्या सेटिंगमध्ये 'ऑटो' नावाचा पर्याय आहे. त्याचा अर्थ असा : '/व्हार/लॉग/जर्नल' ही डिरेक्टरी असेल तर डिस्कवर साठवायचं, नसेल तर '/रन'मध्ये, म्हणजे मेमरीत. यंत्र पुन्हा सुरू झालं की तिथल्या नोंदी गेल्या. असेल तर लिही, नसेल तर सोडून दे, हाच नियम फाइलीऐवजी डिरेक्टरीला लागला. डेबियनने २०२३च्या १२व्या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या यंत्रांवर आरसिसलॉग हा सिसलॉगचा प्रोग्रॅम आपोआप देणं थांबवलं, त्यामुळे '/व्हार/लॉग/ऑथ.लॉग' ही वर्षानुवर्षांची फाइल अशा यंत्रांवर नसते. माहिती जर्नलमध्ये असते, पण जुनी पाठ केलेली आज्ञा 'अशी फाइल नाही' म्हणते, आणि ऑथ.लॉगवर नजर ठेवून हल्लेखोराचा पत्ता अडवणारी साधनं पाहायला काहीच नसल्यामुळे निष्क्रिय होतात. साधनं बदलली की चाचणी पुन्हा करावी लागते.

सर्वांत जोरदार आक्षेप अनुभवी लोकांकडून येतो. इंटरनेटवर उघड्या असलेल्या कोणत्याही सर्व्हरवर रात्रंदिवस यंत्रमानवी प्रोग्रॅम पासवर्ड लावून पाहत असतात. त्या नोंदींचा ढीग काय कामाचा? यशस्वी लॉगइनवर लक्ष ठेवावं, फसलेल्यांचा नाद सोडावा. यात तथ्य आहे; एकेका फसलेल्या प्रयत्नाला जवळजवळ काही किंमत नसते. पण यशस्वी लॉगइन संशयास्पद आहे की नाही हे ठरवायचं कशावरून? पहाटे तीन वाजता लेखापालाच्या खात्यात कोणी शिरलं, एवढ्यावरून काही कळत नाही. त्याच पत्त्यावरून त्याआधीच्या तासाभरात इतर चाळीस खात्यांवर एकेक चूक झाली होती, हे समजलं की सगळं कळतं. फसलेल्या प्रयत्नांशिवाय यशस्वी प्रयत्नाला संदर्भ उरत नाही. शिवाय उघड्या सर्व्हरवरचा हा ढीग आपल्या कामाचाच आहे : रोज शेकडो नोंदी येतात तिथे एक दिवस शून्य आल्या तर तो आनंदाचा दिवस नसून नोंद बंद पडल्याचा दिवस असतो. खरी अडचण आतल्या, बाहेर न उघडलेल्या यंत्रांची आहे. तिथे शून्य हेच नेहमीचं असतं, म्हणून तिथे ठरावीक दिवशी मुद्दाम चुकून पाहण्याला पर्याय नाही.

आत शिरलेला माणूस रूट झाला की नोंदी पुसणारच, मग त्या ठेवून काय उपयोग, असंही म्हटलं जातं. फसलेले प्रयत्न आत शिरण्याच्या आधीचे असतात, आणि त्याच क्षणी त्यांची प्रत यंत्राबाहेर गेली असेल तर नंतर पुसण्याने काही होत नाही. १९८६ साली क्लिफर्ड स्टॉल यांनी कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत नेमकं हेच केलं. संगणकाच्या वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला, त्याचा माग काढताना घुसखोर सापडला, आणि त्याला कळू नये आणि पुसता येऊ नये म्हणून त्यांनी बाहेरून येणाऱ्या लाइनींवरच प्रिंटर जोडले. त्या घुसखोराने सुमारे ४५० संगणकांवर प्रयत्न केला आणि ३०हून अधिक ठिकाणी तो शिरला. आज प्रिंटरची जागा दूरच्या लॉग सर्व्हरने घेतली आहे. पण पारंपरिक सिसलॉग ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर यूडीपीने संदेश पाठवतो आणि यूडीपीत पोच मिळत नाही. वाटेत हरवलेल्या संदेशाचा पत्ता कोणालाच लागत नाही. जुन्या स्वरूपाच्या संदेशावरच्या वेळेच्या शिक्क्यात साल नसतं आणि टाइम झोनही नसतो. एक यंत्र भारतीय वेळेवर आणि दुसरं जागतिक वेळेवर असेल तर आत्ताच केलेली चाचणी साडेपाच तास मागच्या ओळींत जाऊन बसते आणि 'नोंद झालीच नाही' असा समज होतो. म्हणून दूरच्या सर्व्हरवरही चाचणीची ओळ शोधावी, आणि ती स्वतः डोळ्यांनी पाहावी.

भारतात या सगळ्याला कायद्याचीही बाजू आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या सर्व संगणक यंत्रणांचे लॉग चालू ठेवायचे आणि ते मागच्या १८० दिवसांचे देशातच जपायचे आहेत. घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत, आणि ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत. डेबियनच्या घराण्यातल्या लिनक्सवर मात्र बीटीएमपीची मूळ व्यवस्था अशी असते की महिन्यातून एकदा फाइल बाजूला काढायची आणि एकच जुनी प्रत ठेवायची. म्हणजे हाताशी फार तर दोन महिन्यांच्या नोंदी, आणि फाइल नुकतीच बदललेली असेल तर जेमतेम एका महिन्याच्या. '/ईटीसी/लॉगरोटेट.डी/बीटीएमपी' या फाइलीत 'रोटेट'पुढचा १ हा आकडा ६ केला की कोणत्याही दिवशी किमान १८१ दिवसांच्या नोंदी हाती राहतात. तुमच्या ताब्यात असा सर्व्हर असेल तर आज एकदा त्यावर मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाका, ओळ उमटली ते पाहा, आणि मग ही फाइल उघडून तो आकडा बदला.